एकच उत्तर

७ जुलै २०२५, सोमवार

कॉलेजच्या फाटकावर आज नवा फ्लेक्स लागला. निळा मेंदू, त्यातून निघणाऱ्या विजा, आणि बाजूला आमचे विभागप्रमुख कृष्णकांत सर हाताची घडी घालून उभे. 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात आपले स्वागत.' फ्लेक्सखालची नाली आठवडाभर तुंबलेली आहे. मुलं नाकाला रुमाल लावून युगात शिरत होती.

एकोणीस वर्षांपूर्वी मी याच विषयात पीएच.डी. केली, तेव्हा याच माणसाने मला विचारलं होतं, 'इंदिरा मॅडम, याचा उपयोग काय?' आज त्यांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. नागपूरची एक संस्था तीन आरोग्य केंद्रांना टॅबलेट देणार आहे. नर्सने रुग्णाची तक्रार भरायची, यंत्राने सल्ला द्यायचा. संस्थेच्या डॉक्टरांची एक अट आहे, यंत्राला आपला सल्ला कशावरून आला ते सांगता आलं पाहिजे. हल्लीची बोलघेवडी यंत्रं ते धड सांगू शकत नाहीत. नियम लिहून केलेला जुन्या पद्धतीचा प्रोग्राम सांगू शकतो. म्हणून माझी आठवण.

माझा विषय सांगायला सोपा आहे, फक्त कुणाला ऐकायचा नसतो. माणूस पुरावा पुरा व्हायची वाट पाहत नाही. सव्वानऊची बस येणार असं धरून मी थांब्यावर जाते. कुणी सांगितलं आज संप आहे, की परत फिरते. आधीचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता, नवी माहिती आली म्हणून मागे घेतला. शाळेतल्या भूमितीत एकदा सिद्ध झालं ते कायमचं सिद्ध. माझ्या तर्कात मागे घेता येतं. असं मागे घेणारा माणूस या कॉलेजात मला अजून भेटायचा आहे.

पेढा खवट होता. खाल्ला.

१५ जुलै, मंगळवार

केंद्र पाहून आले. पवनारहून पुढे धाम नदीच्या अंगाने गेलं की लागतं. भिंतीला कमरेएवढी ओल, फिनाईलचा वास, आणि त्याच्या आतून दुसरा वास, जो फिनाईलने जात नाही. डॉक्टरांची एक जागा रिकामी, दुसरे डॉक्टर आठवड्यातून चार दिवस.

धीरज म्हणून एक कंत्राटी आरोग्य अधिकारी आहे. सव्वीस वर्षांचा. केसांना जेल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात मोबाइल. मी टॅबलेट समजावत असताना दोनदा उठून बाहेर थुंकून आला. या माणसाच्या हाती माझा प्रोग्राम जाणार.

नर्स शोभाबाई. अठ्ठावीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन राहिलीत. स्कूटीवर येतात. त्यांनी चहा दिला. कपाच्या काठाला आधीच्या कुणाचा तरी ओठ दिसत होता. मी म्हटलं, मला ॲसिडिटी आहे.

'त मंग तुमच्या मशीनले इचारून पाहा,' त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, त्यामुळे चेष्टा होती की काय ते कळलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

संस्थेने दिलेली वैद्यकीय पुस्तिका नियमांत उतरवली. एकशे चाळीस नियम. साचा असा: पोट दुखत असेल, आणि दुसरं काही असल्याचं दिसत नसेल, तर आम्लपित्त धर. 'दिसत नसेल' म्हणजे यंत्रापुरतं, कुणी भरलं नसेल. जे नोंदीत नाही ते जगात नाही असं यंत्र समजतं.

शोभाबाईंना नियम वाचून दाखवले. सर्पदंशाशी त्यांनी थांबवलं.

'चावल्याची खून नाई, सूज नाई, त साप नाई, असं लिवलं का तुमी?'

'पुस्तिकेत तसं आहे.'

'घोनस चावली त ठीक हाय. मण्यारीचं तसं नाई राहत, मॅडम. तिचे दात बारीक. मानूस खाली झोपला राह्यते, ती अंथरुणात येते, चावून जाते, त्याले मालूमच नाई पडत. पहाटं पोट दुखते म्हनून उठते. आपन म्हनतो गॅस झाला. दोन-तीन घंट्यात पापन्या खाली येते, मंग दम जाते.'

'किती पाहिलेत असे?'

'सात. तीन वाचले.' त्यांनी चौथ्याचं नाव सांगितलं, पाचव्याचं सांगितलं. मी नावं लिहून घेतली नाहीत, नियम लिहून घेतला: पावसाळा, जमिनीवर झोप, पहाटेची पोटदुखी. मग खूण नसली तरी दंश असू शकतो असं धर, आणि सोडू नको, मोठ्या दवाखान्यात पाठव.

त्यांचं एकशे एकेचाळिसावं वाक्य माझ्या एकशे चाळिसांपेक्षा भारी होतं. येताना त्यांचा चहा प्यायले असते, पण त्यांनी विचारलं नाही.

३० जुलै, बुधवार

फार दिवसांनी कामात गोडी वाटली. मण्यारीचा नियम घातल्यावर यंत्राने एकाच रुग्णासाठी दोन उत्तरं दिली. एक नियम म्हणतो, खूण नाही तेव्हा साप नाही, आम्लपित्त धर. दुसरा म्हणतो, ही रीत मण्यारीची आहे, दंश धर. दोन्ही उत्तरं आपापल्या आत चोख, एकमेकांशी जुळत नाहीत. यात बिघाड काही नाही. खरं म्हणजे हाच प्रामाणिकपणा आहे. एवढ्या माहितीवर दोन्ही शक्य आहेत असं यंत्र कबूल करतं.

कृष्णकांत सरांना दाखवलं. त्यांनी पडदा पाहिला आणि चेहरा असा केला जसा मी त्या कपाकडे पाहून केला असेन.

४ ऑगस्ट, सोमवार

उद्या प्रात्यक्षिक आहे. संस्थेचे लोक, जिल्ह्याचे अधिकारी, वार्ताहर, सगळे येणार. सर दुपारी माझ्या टेबलाशी आले.

'मॅडम, मशीन म्हणतं हेही असेल नाहीतर तेही असेल. असं तर माझा पानवालाही सांगतो. लोक हसतील.'

'दोन्ही शक्य असतात, सर.'

'पोटदुखीचे शंभर आले तर साप एखाद्यालाच ना? मग बघा, काही करता येतं का.'

एवढं बोलून ते गेले. अंगावर अत्तर किती ओततात, खुर्चीला वास लागून राहिला.

एक ओळ घातली. दोन नियम भांडले तर जो आजार जास्त आढळतो त्याचा नियम वरचढ. तात्पुरती आहे. प्रात्यक्षिक झालं की काढीन. खरं लिहायचं तर पडद्यावर एकच उत्तर आलं तेव्हा बरं वाटलं. नीटनेटकं दिसत होतं.

निर्णय सरांचा आहे. इथे लिहून ठेवते.

५ ऑगस्ट, मंगळवार

शाल, नारळ, दीपप्रज्वलन, आणि दीप तीन वेळा विझला. पाहुण्यांनी भाषणात माझ्या विषयाचं नाव दोन वेळा दोन चुकीच्या पद्धतींनी घेतलं. सरांनी पोटदुखीचाच रुग्ण निवडला. 'आम्लपित्त' असं उत्तर आलं. 'का?' हे बटण दाबलं, यंत्राने कारण सांगितलं, टाळ्या पडल्या. जेवणात गुलाबजाम आणि रस्सा एकाच ताटात वाहत होते, लोक उभ्याने बोटं चाटत यंत्राच्या भवितव्यावर बोलत होते.

शोभाबाई मागच्या रांगेत होत्या. निघताना म्हणाल्या, 'माहा मण्यारवाला नाई दाखवला?'

'वेळ नव्हता,' मी म्हटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

टॅबलेट तिन्ही केंद्रांवर पोचले. कॉलेजात मूल्यांकन समितीच्या भेटीची तयारी चालू आहे. झाडांना गेरू लावताहेत. मला दोनशे पानांचा अहवाल लिहायला दिला आहे, जो कुणी वाचणार नाही. 'नवोपक्रम' हा शब्द मी आज एकतीस वेळा टंकला.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी शोभाबाईंचा फोन.

'मॅडम, कालची गोष्ट. हेमराज म्हनून मोटारपंप दुरुस्त करनारा पोरगा हाय, एकोनतीसचा. पहाटं पोट धरून आला. धीरज ड्यूटीवर होता. तुमच्या मशीननं गॅस सांगितला. इंजेक्शन देल्लं आन घरी धाडला. मी आठले गेली, रजिस्टर पाह्यलं, तशीच स्कूटी फिरवली. घरी त पापन्या उघडत नव्हत्या त्याच्या. गाडीत टाकला. सेवाग्राम येईलोक श्वासाचा फुगा दाबत गेली मी, दम गेलता त्याचा.'

'आता?'

'मशीनवर हाय. श्वासाच्या.' मग, 'मी तुमाले सांगितलं होतं ना मण्यारीचं? का माह्या सांगन्यात काई चुकलं?'

'नाही, नाही. बघते मी,' म्हणून फोन ठेवला.

दुपारी सरांनी बोलावलं. त्यांना जिल्ह्यातून फोन आला होता. 'त्या धीरजने माहिती अर्धवट भरली. जमिनीवर झोपला होता का, हे भरलंच नाही. न भरलेलं यंत्राला कसं कळणार?'

न भरलेलं यंत्राला कळत नाही हे खरंच आहे. आणि धीरज. खर्रा थुंकायला उठला असेल मधेच. मला आश्चर्य वाटलं नाही, शिसारी आली. एका माणसाचा जीव याच्या आळसावर टांगलेला.

११ सप्टेंबर, गुरुवार

सेवाग्रामला गेले. अतिदक्षता विभागाच्या दाराशी हेमराजची बायको बसली होती, आचल नाव. चोवीस-पंचवीसची. मांडीवर त्याची चप्पल पिशवीत घालून धरलेली. मी कोण ते सांगितलं नाही. काय सांगणार होते?

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला धीरज. केस विस्कटलेले, तोच शर्ट दोन दिवसांचा असावा, घामाचा वास येत होता. मला पाहून उठला.

'मॅडम, मी त्याले...'

'चौकशीत सांगा,' मी म्हटलं आणि जिना उतरले. त्या माणसाचं तोंड उघडलेलं पाहवत नाही. लाल दात.

१५ सप्टेंबर, सोमवार

चौकशी समिती नेमली. कॉलेजतर्फे निवेदन द्यायचं होतं. सरांनी टंकून आणलं: 'प्रणालीस आवश्यक ती माहिती पुरविण्यात आली नाही.' खाली माझं नाव.

'तुम्ही नोंदी पाहिल्यात ना सर?'

'अहो, संस्थेने सांगितलं. तुम्हाला तो पोरगा माहीत नाही का?'

माहीत आहे. सही केली. धीरजला कामावरून कमी करण्याची नोटीस निघाली असं कळलं. सरांचा पेन चिकट होता, हात दोनदा धुतले.

हेमराज अजून श्वासाच्या यंत्रावर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नळी काढली. बोलतो आहे असं शोभाबाईंनी कळवलं. फक्त एवढाच निरोप, पुढे काही नाही. एरवी त्या फोनवर पाच मिनिटं तरी बोलतात. गर्दीत असतील.

२१ सप्टेंबर, रविवार

अहवालासाठी तीनही केंद्रांचे आकडे हवे होते म्हणून नोंदी उघडल्या. नऊ तारखेपाशी आले. पुढे जाणार होते. थांबले.

पहाटे ५.४७. धीरजने आठच्या आठ प्रश्न भरलेत. पोटदुखी, हो. उलटी, एकदा. खूण, नाही. सूज, नाही. झोपला कुठे, जमिनीवर. जागा कधी झाला, चार वाजता. काही राहिलेलं नाही.

५.५१ ला त्याने 'का?' दाबलं. यंत्राने सांगितलं: खूण नाही, सूज नाही, नियमांत विरोध आल्यास जास्त आढळणारा आजार ग्राह्य.

५.५२ ला त्याने परत 'का?' दाबलं. यंत्राने तेच सांगितलं.

५.५८ ला पडदा बंद.

मी तोच रुग्ण माझ्या संगणकावर घातला. आम्लपित्त. मग चार ऑगस्टची ओळ काढून घातला. दोन उत्तरं. दुसऱ्यात मण्यार, आणि खाली: सोडू नको, पाठव.

ओळ काढलेली प्रत तिन्ही केंद्रांवर पाठवून दिली.

दुपारी जेवले नाही. खिडकीतून शेजाऱ्यांच्या घरातून सर्वपित्रीच्या वड्यांचा वास येत होता, तो सहन होईना. अकरा तारखेला धीरज उठला होता, 'मी त्याले' म्हणाला होता. हेच सांगायचं असेल. मी त्याच्या दातांकडे पाहत होते.

२२ सप्टेंबर, सोमवार

सरांपुढे नोंदी ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या, मला वाटलं होतं त्यापेक्षा सावकाश.

'तुम्ही सही केली आहे, मॅडम.'

'मागे घेते.'

'कसं मागे घेता? निवेदन गेलं. रुग्ण वाचला. तुम्ही आता उठून म्हणाल चूक आमची, तर तिन्ही केंद्रं जातील, मूल्यांकन समितीची भेट आहे, पोरांची ॲडमिशन...' मग आवाज खाली आणून, 'आणि ओळ तुमच्या नावावर आहे. तारीख, वेळ, सगळं. मी काय म्हटलं होतं? बघा म्हटलं होतं. घाला म्हटलं होतं का?'

त्यांच्या अत्तराने डोकं दुखायला लागलं. घरी येऊन चार ऑगस्टचं पान काढलं. खरंच, त्यांनी 'बघा' म्हटलं होतं. 'घाला' कुठेच नाही. मी लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. खाली 'निर्णय सरांचा आहे' हेही माझ्याच अक्षरात. सगळ्यात किळसवाणं वाक्य तेच आहे या वहीतलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वर्ध्याला चौकशी झाली. लांब टेबल, तीन डॉक्टर, एक लिपिक. मी आधीचं निवेदन मागे घेत असल्याचं लेखी दिलं, नोंदींची प्रत दिली. अध्यक्षांनी विचारलं, 'ही ओळ का घातलीत?'

मी तर्काविषयी बोलू लागले. दोन उत्तरं, सुसंगती, वरचढपणा. त्यांनी हात वर केला.

'बाई, सोपं सांगा.'

'एकच उत्तर चांगलं दिसत होतं म्हणून.'

लिपिकाने ते तसंच लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात धीरज होता. मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतली.

'मॅडम, मले बी ते पटत नव्हतं. दोन डाव इचारलं. डॉक्टरले फोन लावला, उचलला नाई. मंग वाटलं, मशीन त मोठ्या लोकायनं बनवली, मीच काऊन शहाना होऊ.' तो खिडकीबाहेर पाहत होता. 'माह्या आईनं त जेवनच सोडलं नोटीस आल्यावर.'

त्याची नोटीस रद्द होईल असं अध्यक्ष म्हणाले. टॅबलेट परत मागवणार. शोभाबाईही साक्षीला आल्या होत्या. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

'मले वाटलं तुमाले माहं खोटं वाटलं, म्हनून तुमी लिवलं नाई.'

'लिहिलं होतं.'

'मंग?'

'बंद करून ठेवलं होतं. दिसायला बरं नव्हतं म्हणून.'

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रुग्णाचा रिपोर्ट वाचावा तसं पाहिलं आणि स्कूटीची किल्ली काढून निघून गेल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेजने मला खुलासा विचारला आहे. प्रकल्प काढून घेतला. सरांचं पुढच्या महिन्यात नागपूरला व्याख्यान आहे, विषय 'यंत्र आणि जबाबदारी'. मी निमंत्रणपत्रिका फाडली नाही. वहीत ठेवली आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

हेमराजच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, ग्रीसचा वास. तो खाटेवर बसून होता. नळीमुळे आवाज बसलेला, हवा जास्त आणि शब्द कमी. आचलने पाणी दिलं. मी प्यायले.

सगळं सांगितलं. कुठे काय होतं, मी काय केलं, कधी केलं, सही कशी केली. आचल मधेच उठून आत गेली आणि परत आली नाही. भांडी आपटल्याचा आवाजही आला नाही.

हेमराज ऐकत होता. त्याला यंत्राचं नवल नव्हतं.

'म्हंजे फॉल्ट तुमाले सापडला.'

'हो.'

'आमचं कसं राह्यते, फॉल्ट हाय असं वाटलं, त आधी मेन स्विच बंद करतो. कुठचा हाय, कोनाचा हाय, ते मंग पाहतो.' त्याने श्वास घेतला. 'तुमी कधी बंद केलं?'

'एकवीस तारखेला.'

तो बोटं मोजत नव्हता, तरी मला दिसलं की मोजतो आहे.

'मले नऊले झालं.'

'हो.'

'बारा दिवस चालूच होतं?'

मी हो म्हटलं. मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. दहाला फोन आला, अकराला मी दवाखान्यात जाऊन लोकांचे दात पाहून आले, पंधराला सही केली, हात धुतले. तीन केंद्रांवर ती ओळ चालू होती. या वहीत ती बारा दिवसांची पानं आहेत. बंद करायचा विचार एकाही पानावर नाही.

'तेवढ्यात आखीन कोनी आलतं का?' हेमराजने विचारलं.

'माहीत नाही.'

'मंग माह्याकडे काय बसल्या?' तो म्हणाला. रागाने नाही. एखाद्याला बस चुकेल म्हणून सांगावं तसं.

६ ऑक्टोबर, सोमवार

चौकशी समितीच्या अध्यक्षांकडे जाऊन त्या बारा दिवसांच्या नोंदी मागितल्या. पोट दुखतं म्हणून आलेले आणि आम्लपित्त सांगून घरी धाडलेले: तेवीस. बहुतेक बाकीच्या दोन केंद्रांवरचे, जिथे शोभाबाई नाहीत. कुणी परत आलं नाही. यंत्राच्या हिशेबी याचा अर्थ सगळे बरे झाले. मला याचा अर्थ माहीत नाही.

कॉलेजला रजा टाकली. शोभाबाईंना फोन केला, पत्ते कसे शोधायचे एवढंच विचारायला.

'तुमाले घर नाई सापडनार,' त्या म्हणाल्या. 'उद्या सातले पवनारच्या थांब्यावर राहजा. हेल्मेट आनजा.'

११ ऑक्टोबर, शनिवार

पाच दिवसांत बावीस घरं झाली. स्कूटीवर मागे बसून पाठ गेली आहे. शोभाबाई रस्त्याने बोलत नाहीत. दारात गेल्यावर बोलतात, माझी ओळख 'मशीनवाल्या मॅडम' अशी करून देतात आणि पुढचं मला सांगायला लावतात. काही जण हसले. एकाने शिव्या दिल्या. एका म्हातारबांना आपण केंद्रावर गेल्याचंच आठवत नव्हतं. सेलूकडच्या एका बाईने वाटीभर चिवडा दिला, तिच्याच लेकराने त्यात हात घातलेला. खाल्ला. बावीसही जण धडधाकट आहेत.

तेविसावं नाव आनंदाबाई, वय त्रेसष्ट, एकट्या राहतात. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, 'लेकीकडे गेली असन, हिंगनघाटले.'

'जाताना पाहिलंत तुम्ही?'

'पाह्यलं नाई. पन कुठी जानार दुसरीकडे? गेलीच असन.'

तिचं बोलणं वाजवी होतं. मी मात्र कुलपाला हात लावून उभी राहिले, दाराच्या फटीला नाक लावून वास घेतला. शोभाबाईंनी तसं करताना पाहिलं. शेजारणीकडून लेकीचं नाव आणि वस्ती लिहून घेतली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या बसने दोघी हिंगणघाटला. वस्ती शोधायला दोन तास लागले. आनंदाबाई होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या, हातात वाटाण्याच्या शेंगा, पण सोलत नव्हत्या. उशाशी आम्लपित्ताच्या गोळ्यांची चार रिकामी पाकिटं. केंद्रावर जाऊन चोवीस दिवस झाले होते, म्हणजे साप नव्हता.

'बऱ्या आहात ना?' मी विचारलं. मला त्या बऱ्या हव्या होत्या. तेविसावी खूण करून टाकायची होती.

'हाओ, बरीच हाय,' त्या म्हणाल्या. 'थोडंसं दुखते. जेवलं का दुखते.' लेक म्हणाली, सरकारी मशीनने गॅस सांगितला म्हणून दुसरीकडे दाखवलं नाही.

शोभाबाईंनी त्यांना आडवं केलं. उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली आणि म्हणाल्या, 'दम घ्या.' आनंदाबाईंनी दम घेतला आणि अर्ध्यावर तोंड वाकडं केलं. शोभाबाईंनी खालची पापणी ओढून डोळा उजेडाकडे वळवला. पांढरं पिवळं झालं होतं.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, एक नळीत अडकलेला, सूज चढलेली. डॉक्टर म्हणाले आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं. उद्या सेवाग्रामला पाठवणार.

मण्यारही नव्हती आणि आम्लपित्तही नव्हतं. ती ओळ मी घातली नसती, तरी यंत्राने पित्ताशय सांगितलं नसतं. तसा नियमच नव्हता माझ्याकडे, एकशे एकेचाळिसांत.

परतीच्या बसमध्ये शोभाबाईंच्या शेजारी जागा मिळाली. जाम गावचा चौक आला. मग मी विचारलं, 'तुम्ही कशावरून ओळखलंत?'

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

'वळखलं नाई,' त्या म्हणाल्या. 'हात लावून पाह्यला.'